शून्य, नल आणि नलपीटीआर: सी भाषेतल्या एका सवयीचा इतिहास

रिसर्चला लागलात की पहिल्या काही महिन्यांत तुमच्या हातात एक जुना सी कोड येतो. तीन-चार बॅच आधीच्या कुणी सीनियरने लिहिलेला, त्यानेही आणखी कुठून तरी उचललेला. उघडून बघितला तर पॉइंटर रिकामा आहे का हे तपासायला एका फाइलमध्ये 'पी == ०' लिहिलंय, दुसरीत 'पी == नल', आणि तिसरीत नुसतंच '!पी'. सुरुवातीला पंधरा-वीस #डिफाइनच्या ओळी. काही नावं कॅपिटलमध्ये, काही नाहीत. काही आकडे तर कुठलंही नाव न घेता थेट सूत्रात बसलेले.

अशा वेळी हात शिवशिवतात. सगळं एकसारखं करून टाकावंसं वाटतं. पण त्याआधी थोडं थांबा, कारण या तीन पद्धती तीन वेगळ्या काळांतून आल्या आहेत. प्रत्येकीमागे कुठलं तरी मशीन आहे आणि त्या मशीनवर झालेला कुणाचा तरी त्रास आहे. इतिहासाचा विद्यार्थी जसा कागदपत्राच्या लिपीवरून त्याचा काळ ओळखतो, तसा कोडमधल्या या बारीक सवयींवरून त्याचा काळ ओळखता येतो. या लेखात तेच करून बघू. (कोडमधले शब्द मी देवनागरीतच लिहितोय, तुम्ही ते मनात रोमन करून वाचा.)

बीसीपीएलमध्ये होतं, बी मध्ये गेलं

गोष्ट १९६७ च्या आसपास सुरू होते. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सने बीसीपीएल नावाची भाषा तयार केली. तिच्यात कॉन्स्टंटला नाव देण्याची स्वतंत्र सोय होती आणि त्या घोषणेचा शब्द होता 'मॅनिफेस्ट'. म्हणजे ठरावीक किमतीला नाव द्यायचं, ती किंमत कंपाइल होतानाच बसणार आणि पुढे बदलणार नाही. आजही जुन्या पुस्तकांत #डिफाइनने केलेल्या नावांना 'मॅनिफेस्ट कॉन्स्टंट' म्हटलेलं दिसतं. तो शब्द मूळ या घराण्यातला.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने बीसीपीएल आटवून बी ही भाषा केली. पीडीपी-७ या मशीनची मेमरी इतकी थोडी होती की जे नसलं तरी चालेल ते सगळं गेलं, आणि त्यात मॅनिफेस्टही गेलं. टाइप ही कल्पना तर बीसीपीएलमध्येही नव्हती. सगळं एकाच मापाचं, एक वर्ड. तो वर्ड आकडा आहे की पत्ता आहे, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण शून्याचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. भाषेला पत्ता आणि आकडा यांतला फरकच कळत नसेल, तर 'इथे पत्ता नाही' हे सांगायला वेगळं चिन्ह कशाला हवं? यादीचा शेवट शून्याने दाखवायचा म्हटलं तर भाषेला नवं काही शिकवावं लागत नाही. शिवाय तपासणीत शून्य म्हणजे खोटं आणि बाकी सगळं खरं. त्यामुळे 'इफ (पी)' एवढं लिहिलं की काम झालं. आज जी '!पी' ही शैली आपल्याला चटपटीत वाटते ती मुळात टाइप नसलेल्या भाषेतली आहे.

याच काळातली आणखी एक वस्तू आपल्या घरात अजून पडून आहे. आकड्याच्या आधी शून्य लावलं की तो अष्टमान पद्धतीतला धरायचा, म्हणजे ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ. पीडीपी-७ चा वर्ड १८ बिटचा होता आणि १८ ला तीनने भाग जातो, म्हणून तीन-तीन बिटांचा एक अंक धरणं तिथे सोयीचं होतं. पुढे १६ आणि ३२ बिटची मशीनं आली, सोळामान जास्त सोयीचं झालं, पण सुरुवातीच्या शून्याचा अर्थ तसाच राहिला. तुम्ही सॅम्पल क्रमांक सुबक दिसावेत म्हणून कोडमध्ये ००८, ००९, ०१० असे लिहिलेत, तर पहिल्या दोघांवर कंपाइलर ओरडेल आणि तिसऱ्याला गुपचूप आठ समजेल. गंमत म्हणजे कर्निघन-रिचींच्या १९७८ च्या पुस्तकात अष्टमान आकड्यांत ८ आणि ९ हे अंकही चालायचे. ते प्रमाणीकरणाच्या वेळी काढले गेले.

सहाव्या आवृत्तीतली एक फाइल

१९७१ ते ७३ च्या दरम्यान डेनिस रिचीने बी ला टाइप दिले आणि सी तयार झाली. कारण पुन्हा मशीन. पीडीपी-११ मध्ये प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, आणि 'सगळं एकाच मापाचं' हे तिथे जमेना. बी मधून गेलेली कॉन्स्टंटची सोयही परत आली, पण भाषेत नाही, भाषेच्या दाराबाहेर. ॲलन स्नायडरच्या आग्रहावरून १९७२-७३ च्या सुमारास प्रीप्रोसेसर आला. सुरुवातीला त्याला दोनच गोष्टी यायच्या: दुसरी फाइल आत घेणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर ठेवणं. तो ऐच्छिकही होता. फाइलच्या सुरुवातीला खास खूण असेल तरच चालायचा. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात आर्ग्युमेंट असलेले मॅक्रो आणि अटीवर कंपाइल करण्याची सोय घातली.

या नव्या सोयीचा वापर कसा झाला ते बघायचं असेल तर युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतली, म्हणजे १९७५ मधली, 'पॅरम.एच' ही फाइल वाचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्सने हा सगळा सोर्स कोड टिपणांसकट विद्यार्थ्यांना शिकवला होता, त्यामुळे तो आज सहज वाचायला मिळतो. ही फाइल लहान आहे, पण तिच्यात कॉन्स्टंटचं एक वर्गीकरण आहे आणि ते अजूनही कामाचं आहे.

पहिला गट बदलता येणाऱ्या आकड्यांचा: बफर १५, एकाच वेळी उघड्या फाइल १००, प्रोसेस ५०. तुमचं मशीन मोठं असेल तर हे वाढवा. दुसरा गट प्रायॉरिटीचा, आणि तिथे कॉमेंटमध्ये सुचवलंय की यांना फार हात लावू नये. तिसरा गट सिग्नलचा, तिथे बदलू नका असं स्पष्ट सांगितलंय. आणि शेवटी मूलभूत कॉन्स्टंट, जे बदलताच येत नाहीत. या शेवटच्या गटात एक ओळ आहे: #डिफाइन नल ०.

म्हणजे नल हा त्या काळी भाषेतला शब्द नव्हता. शून्याला चिकटवलेली ती एक चिठ्ठी होती, वाचणाऱ्या माणसासाठी. कंपाइलरला ती दिसतही नव्हती, कारण त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत प्रीप्रोसेसरने तिथे ० ठेवलेला असायचा. १९७८ च्या पुस्तकातही हीच भूमिका आहे: शून्यच आहे, पण पॉइंटरच्या बाबतीत ही खास किंमत आहे हे स्पष्ट दिसावं म्हणून नल लिहायचं. कॉन्स्टंटची नावं कॅपिटलमध्ये लिहायची पद्धतही या पुस्तकामुळे घरोघरी गेली. फॅरनहाइट-सेल्सिअसचा तक्ता छापणाऱ्या छोट्याशा प्रोग्राममध्ये लोअर, अपर आणि स्टेप ही तीन नावं कॅपिटलमध्ये आहेत. छोट्या अक्षरांतल्या व्हेरिएबलपासून ती वेगळी ओळखू यावीत, एवढंच त्यामागचं कारण.

त्याच पॅरम.एच मध्ये आणखी एक बारीक गोष्ट बघा. 'नोडेव्ह' या नावाची किंमत नुसती उणे एक नाही, कंसात उणे एक आहे. कमाल मेमरीचा आकडाही कंसात: (६४*३२). हा कंस का? कारण मॅक्रो म्हणजे गणित नव्हे, नुसती मजकुराची अदलाबदल. समजा तुम्ही #डिफाइन एकूण ५+३ असं लिहिलंत आणि पुढे २*एकूण केलंत. तुम्हाला १६ अपेक्षित आहे, पण कंपाइलरला दिसतं २*५+३, म्हणून उत्तर १३. कंस घातला की १६. सगळ्या स्टाइल गाइडमध्ये आज हा नियम असतो. तो किती जुना आहे हे या फाइलवरून कळतं.

४०७ ची जादू

नाव न दिलेल्या आकड्याला आपण 'मॅजिक नंबर' म्हणतो आणि नाक मुरडतो. पण युनिक्समध्ये या शब्दाला मानाची जागाही होती. पीडीपी-११ वरच्या कंपाइल केलेल्या फाइलचा पहिला वर्ड अष्टमान ०४०७ असायचा. हा आकडा कुणी खुणेसाठी सहज निवडलेला नव्हता. पीडीपी-११ च्या भाषेत ०४०७ म्हणजे 'सात वर्ड सोडून पुढे उडी मार' ही सूचना. फाइलच्या सुरुवातीचा हेडर आठ वर्डचा, त्यातला पहिला हा. म्हणजे कुणी फाइल हेडरसकट मेमरीत ठेवून पहिल्या वर्डपासून चालवायला घेतली, तरी मशीन हेडर ओलांडून बरोबर प्रोग्रामच्या सुरुवातीला पोहोचणार.

पुढे ०४१०, ०४१३ असे आणखी आकडे आले आणि त्यांचा अर्थ 'या प्रकारची फाइल' एवढाच उरला. नंतर व्हॅक्ससारख्या मशीनवर ०४०७ ही उडीची सूचना राहिली नाही, तरीही तो आकडा फाइलच्या माथ्यावर राहिलाच. कारण संपलं, रूढी राहिली. संशोधनात जुना कोड वाचताना हा नमुना तुम्हाला वारंवार भेटेल.

शून्य चालेनासं झालं

पीडीपी-११ वर इंटिजर १६ बिटचा आणि पॉइंटरही १६ बिटचा. दोघं एकमेकांच्या जागी सहज बसत. सहाव्या आवृत्तीत तर ०१७७७७६ असा अष्टमान आकडा थेट पॉइंटर म्हणून वापरून प्रोसेसरचं रजिस्टर वाचलेलं आहे. त्या मशीनवर यात गैर काहीच नव्हतं.

मग सी दुसऱ्या मशीनवर गेली. काही ठिकाणी, उदाहरणार्थ ८०८६ च्या लार्ज मॉडेलमध्ये, इंटिजर १६ बिटचा राहिला आणि पॉइंटर ३२ बिटचा झाला. आता एखाद्या फंक्शनला पॉइंटर हवा असताना तुम्ही नुसतं ० पाठवलंत आणि समोर पॉइंटर अपेक्षित आहे हे कंपाइलरला माहीत नसेल, तर दोनच बाइट जाणार. पलीकडचं फंक्शन चार बाइट वाचणार. उरलेल्या दोन बाइटमध्ये काय सापडेल ते नशिबावर.

हे जुनं दुखणं आहे असं समजू नका. आजच्या ६४ बिट लिनक्सवर इंटिजर ३२ बिटचा आणि पॉइंटर ६४ बिटचा आहे. एक्झेकएल हे फंक्शन घ्या. त्याला कितीही आर्ग्युमेंट देता येतात आणि यादी नल पॉइंटरने संपवायची असते. तिथे नुसतं ० लिहिणं चूक आहे, कारण बदलत्या आर्ग्युमेंटच्या जागी पॉइंटर हवाय हे कंपाइलरला कळायला मार्गच नाही. अनेकदा ते चालूनही जातं, म्हणून चूक लपून राहते. म्हणूनच तिथे शून्याला कॅरेक्टर-पॉइंटरचा टाइप लावून पाठवायचं असतं.

काही मशीनवर तर नल पॉइंटर म्हणजे सगळे बिट शून्य हेसुद्धा खरं नव्हतं. प्राइम कंपनीच्या ५० मालिकेत नल पॉइंटरसाठी अष्टमान ७७७७ क्रमांकाचा सेगमेंट वापरला जाई. नंतरच्या मॉडेलमध्ये सी साठी सेगमेंट ० घेतला गेला आणि 'टेस्ट सी नल पॉइंटर' अशी एक खास सूचनाच प्रोसेसरमध्ये घालावी लागली, कारण शून्य गृहीत धरून लिहिलेला सी कोड तोवर भरपूर झाला होता. म्हणजे इथे भाषेने मशीनशी जुळवून घेतलं नाही, मशीननेच लोकांच्या सवयीशी जुळवून घेतलं.

उलट टोकाला व्हॅक्स होतं. बर्कलीच्या युनिक्सवर शून्य पत्ता वाचता यायचा आणि तिथे शून्यच सापडायचं. त्यामुळे नल पॉइंटरच्या मागे जाऊन स्ट्रिंग वाचली तरी रिकामी स्ट्रिंग मिळायची, प्रोग्राम पडत नसे. अशा प्रोग्रामना मग दुसऱ्या मशीनवर नेलं की ते धडाधड पडत. हेन्री स्पेन्सरने सी लिहिणाऱ्यांसाठी बायबलच्या थाटात ज्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यांत नल पॉइंटरच्या मागे जाऊ नका ही एक आहे आणि सगळं जग व्हॅक्स आहे असं मानू नका ही दुसरी. दोन्ही याच अनुभवातून आलेल्या.

१९८३ मध्ये अमेरिकेत एक्स३जे११ ही समिती बसली आणि १९८९ मध्ये प्रमाण सी आली. शून्याचा प्रश्न समितीने कसा सोडवला ते बघा. पॉइंटरच्या जागी लिहिलेला कॉन्स्टंट ० म्हणजे नल पॉइंटर, मग आत बिट काहीही असोत. म्हणजे कोडमध्ये दिसणारं शून्य हे आता खरं शून्य उरलं नाही, ती एक खूण झाली. त्या खुणेचं त्या मशीनवरच्या नलमध्ये रूपांतर करणं हे कंपाइलरचं काम. जुना कोड मोडला नाही आणि वेगळ्या मशीनलाही जागा झाली. नल या नावाची किंमत मात्र ० ठेवावी की व्हॉइड पॉइंटरच्या टाइपमधलं ०, हे प्रत्येक कंपाइलरवर सोडलं. आजचे बरेच वाद या मोकळीकीतून निघाले आहेत.

दोन 'नल' वेगळे ठेवा हेही इथेच सांगतो. एक एल असलेला नल हे आस्की तक्त्यातलं शून्य क्रमांकाचं अक्षर आहे, स्ट्रिंगच्या शेवटी '\०' असं लिहितात ते. दोन एल असलेला नल हा पॉइंटर. जुन्या कोडमध्ये स्ट्रिंगच्या शेवटी दोन एल असलेला नल ठेवलेला दिसेल. त्या कंपाइलरवर नल म्हणजे साधं ० होतं, म्हणून ते खपून गेलं. असा कोड नव्या कंपाइलरवर इशारे द्यायला लागला, तर कारण हे असतं.

दोन घरं, दोन रीती

आता स्टाइल गाइड बघू. बेल लॅब्जच्या इंडियन हिल केंद्रातलं सी स्टाइल गाइड जुन्या गाइडपैकी एक. आकडे थेट कोडमध्ये लिहू नका, नावं द्या, असं ते सांगतं. पण ० आणि १ काही जागी तसेच राहिले तरी चालतील अशी सूटही देतं, उदाहरणार्थ ॲरेवर फिरणाऱ्या लूपच्या सुरुवातीला. शून्याला 'झिरो' असं नाव देऊन काहीच स्पष्ट होत नाही, हे तेव्हाही कळलेलं होतं.

फ्रीबीएसडीच्या 'स्टाइल' या मॅन्युअल पानावर नलची बाजू घेतली आहे. पॉइंटरची तुलना नलशी उघडपणे करा, '!' फक्त खऱ्या हो-नाही किमतींसाठी वापरा, आणि फंक्शनला नल पाठवताना टाइप लावा. शेवटचा नियम वाचून तुम्हाला आता त्यामागचं मशीन दिसायला हवं.

लिनक्स कर्नलची रीत वेगळी. तिथे 'स्पार्स' नावाचं साधन आहे, लिनस टोरवाल्ड्सने २००३ मध्ये सुरू केलेलं. पॉइंटरच्या जागी नुसतं ० दिसलं की ते इशारा देतं. म्हणजे ० नको, नल हवं. पण तपासताना 'पी == नल' ऐवजी '!पी' बरं, असं कर्नलचं पॅच तपासणारं साधन कडक मोडमध्ये सुचवतं. म्हणजे पॉइंटरला किंमत देताना नवी रीत आणि तपासताना बी च्या काळातली.

दोन्ही कर्नल उत्तम चालतात. त्यामुळे 'बरोबर कोणतं' हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. 'या घरात काय ठरलंय आणि ते कशाच्या भीतीने ठरलंय' हा प्रश्न कामाचा.

स्टाइल कुठे पुरते, कुठे नाही

काही जण 'इफ (० == एक्स)' असं उलटं लिहितात, कॉन्स्टंट डावीकडे. कारण दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर तुलनेऐवजी किंमत भरली जाते, आणि कॉन्स्टंटमध्ये किंमत भरता येत नाही म्हणून कंपाइलर अडवतो. वाचायला ते विचित्र वाटतं, पण ही भीती खोटी नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या सीव्हीएस प्रतीत वेट४ या फंक्शनमध्ये दोन ओळी कुणीतरी घुसवल्या. वरवर पाहता त्या ओळी एक चुकीचा पर्याय अडवत होत्या. अटीच्या शेवटी 'यूजर क्रमांक ० आहे का' अशी तपासणी दिसत होती, पण चिन्ह एकच होतं. युनिक्समध्ये यूजर ० म्हणजे रूट. म्हणजे विशिष्ट पर्याय देऊन हे फंक्शन बोलावणारा कुणीही त्या मशीनचा मालक झाला असता. भोवती जादा कंस होता, त्यामुळे कंपाइलरनेही इशारा दिला नसता. हा डाव मूळ साठ्याशी प्रत जुळत नाही म्हणून उघडा पडला. शैलीच्या नियमाने तो थांबला नसता, कारण लिहिणाऱ्याला नियम पाळायचेच नव्हते. शैली चुकून होणाऱ्या चुका अडवते, ठरवून केलेल्या नाही.

दुसरी घटना २००९ ची. लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनने आधी पॉइंटरमागे जाऊन एक किंमत वाचली आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर नल आहे का ते तपासलं. तपासणी '!' वापरून, घरच्या रीतीप्रमाणे, अगदी नीट लिहिलेली. पण जीसीसीने असा तर्क केला: पॉइंटरमागे तुम्ही आधीच गेलात, प्रमाण सी मध्ये नलच्या मागे जाणं अवैध आहे, अर्थात हा पॉइंटर नल असूच शकत नाही, मग ही तपासणी निरर्थक. आणि त्याने ती काढून टाकली. शून्य पत्त्यावर स्वतःची मेमरी बसवून याचा फायदा कसा घेता येतो ते ब्रॅड स्पेंगलरने त्या जुलैत दाखवून दिलं. त्यानंतर नलच्या तपासण्या काढू नकोस असं कंपाइलरला सांगणारा पर्याय लावून कर्नल कंपाइल होऊ लागलं.

टोनी होरने अल्गॉल डब्ल्यू साठी १९६५ मध्ये नल रेफरन्सची कल्पना आणली आणि २००९ मध्येच एका भाषणात तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. वरची घटना त्याच वर्षातली, हा योगायोग.

कॉन्स्ट, इनम आणि शेवटी नलपीटीआर

प्रीप्रोसेसरला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही चालू होते. 'इनम' १९७८ च्या पुस्तकात नाही, ते लगेच त्यानंतर आलं. त्याने नावं भाषेच्या आत आली आणि डीबगरला दिसू लागली, पण किमती इंटिजरच्याच. लिनक्सच्या गाइडमध्ये एकमेकांशी संबंधित कॉन्स्टंटसाठी इनमलाच पसंती आहे.

'कॉन्स्ट' हा शब्द ब्यार्ने स्ट्राउस्ट्रपच्या कामातून, सी++ च्या वाटेने, प्रमाण सी मध्ये आला. पण सी मध्ये त्याचा अर्थ 'फक्त वाचण्यासाठी' एवढाच राहिला. कॉन्स्ट लावलेला इंटिजर सी मध्ये केसच्या लेबलला चालत नाही आणि फंक्शनबाहेरच्या ॲरेचं मापही ठरवू शकत नाही. सी++ मध्ये दोन्ही चालतं. म्हणूनच इतकी वर्षं सगळे #डिफाइनला शिव्या देत तेच वापरत राहिले.

सी++ मध्ये नलचा प्रश्न आणखी चिघळला. तिथे एकाच नावाची दोन फंक्शन असू शकतात, एक इंटिजर घेणारं, एक पॉइंटर घेणारं. नल म्हणजे ० असेल तर 'नल' पाठवल्यावर इंटिजरवालं चालतं! स्ट्राउस्ट्रपला मॅक्रो आवडत नसत, तो सरळ ० लिहायचा. शेवटी २०११ च्या सी++ मध्ये नलपीटीआर आलं, स्वतःचा टाइप असलेलं. सी मध्ये ते यायला आणखी एक तप लागलं. सी२३ या प्रमाणात नलपीटीआर आहे, खरे कॉन्स्टंट देणारं 'कॉन्स्टएक्स्पर' आहे, ०बी ने सुरू होणारे द्विमान आकडेही आहेत. ते प्रमाण २०२४ मध्ये छापून आलं. म्हणजे बीसीपीएलच्या मॅनिफेस्टसारखी सोय भाषेच्या आत परत यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

आता तुमचा कोड

हे सगळं तुमच्या कामाला कसं लागतं? मी एकच उदाहरण देतो आणि ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

बोल्ट्झमन कॉन्स्टंट घ्या, ज्यूल प्रति केल्व्हिनमध्ये, १० चा उणे २३ वा घात सगळीकडे धरून. कोडाटाने १९९८ मध्ये सुचवलेली किंमत १.३८०६५०३, २००२ मध्ये १.३८०६५०५, २००६ मध्ये १.३८०६५०४, २०१० मध्ये १.३८०६४८८, २०१४ मध्ये १.३८०६४८५२. आणि २० मे २०१९ पासून १.३८०६४९, कायमची, कारण आता केल्व्हिनची व्याख्याच तिच्यावर उभी आहे. जुन्या कोडमध्ये #डिफाइन केबी च्या पुढे १.३८०६५०५ दिसलं, तर तो आकडा २००२ च्या यादीतून आलेला असणार. सॅम्पलवर तारखेची चिठ्ठी असावी तसंच हे.

१९९८ च्या आणि आजच्या किमतीतला फरक दहा लाखांत एका भागाच्या आसपास आहे. बहुतेक सिम्युलेशनमध्ये तो जाणवणार नाही. पण एका फाइलमध्ये जुनी किंमत आणि दुसरीत नवी असेल, आणि तुम्ही सीनियरच्या थिसिसमधला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळवायला बसलात, तर आठवडा जाईल. पायचंही तसंच. एम_पीआय हे नाव आयएसओच्या सी मध्ये नाहीच. कंपाइलरला काटेकोर प्रमाण पाळायला सांगितलं की ते नाहीसं होतं, म्हणून कुणी ३.१४१५९ लिहून मोकळं होतं, कुणी आर्क-टॅन १ ला चारने गुणतं. तीन फाइलमध्ये तीन पाय सापडले तर नवल वाटू देऊ नका.

तेव्हा कोड हाती आला की पॅरम.एच ची वर्गवारी करा. कोणते आकडे मशीनसाठी आहेत आणि बदलता येतात, कोणते प्रयोगाचे आहेत आणि विचारूनच बदलायचे, कोणते दुसऱ्या कुणाशी झालेला करार आहेत आणि बदलायचेच नाहीत, आणि कोणते निसर्गाचे आहेत. निसर्गाच्या आकड्यापुढे कॉमेंटमध्ये स्रोत आणि साल लिहा. मोजमाप केलेल्या आणि व्याख्येने ठरलेल्या किमती वेगळ्या ठेवा. पॉइंटरसाठी ०, नल की नलपीटीआर हे त्या फाइलमध्ये जे चालू आहे तेच ठेवा, फक्त बदलत्या आर्ग्युमेंटच्या जागा शोधून तिथे टाइप लावा. शैली बदलायचीच असेल तर ती स्वतंत्र कमिटमध्ये बदला, गणिताच्या बदलात मिसळू नका. म्हणजे उद्या उत्तर बदललं तर ते कशामुळे बदललं हे कळेल.

यावर प्रामाणिक मतभेदही आहेत. येन्स गुस्टेटने 'मॉडर्न सी' या पुस्तकात नल वापरूच नका असं सुचवलंय, नेमकं वर सांगितलेल्या मोकळीकीमुळे. फ्रीबीएसडीवाले नेमकं उलट सांगतात. दोघांनाही तोच धोका दिसतोय, फक्त उपाय वेगळे. पुढे रिसर्चमध्ये तुम्हाला असे जोडनियम खूप भेटतील, एका लॅबमध्ये सक्तीचे आणि शेजारच्या लॅबमध्ये निषिद्ध. तेव्हा कुणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी तो नियम कुठल्या मशीनवर, कुठल्या अडचणीत जन्मला ते शोधा. बऱ्याचदा ती अडचण अजून जिवंत असते. कधी कधी मात्र तो नुसता ०४०७ असतो.